फ्यूज कुणाच्या खिशात?

दाजींनी मेहुण्याला माफ केलं होतं. बायकोच्या देखत, चारचौघांत, अगदी तोंड भरून. बोलून बसले ना, मग आता भोगा!

शिडीच्या चौथ्या पायरीवर दाजी अडून उभे होते. समोर छतातून दोन उघड्या वायरी लोंबत होत्या आणि खाली मेन स्विचजवळ मेहुणा उभा होता. या दोन वायरमनांचा नियम साधा होता. वर चढणाऱ्याने फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. सहा महिन्यांपूर्वीही दाजींनी तो टाकला होता. मेहुणा चहा पिऊन आला, बघतो तर फ्यूज गायब! कुणीतरी लांबवला असेल म्हणत शहाण्याने पेटीतला नवा बसवला. दाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत.

"बंद आहे ना रे?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"अहो, तुमच्याच खिशात आहे की फ्यूज."

होता. चाचपून पाहिला. तरी हात काही पुढे जाईना.

मेहुण्याचा चेहरा एवढासा झाला. "उतरा दाजी. मी चढतो."

दाजी उतरले आणि नियमाप्रमाणे फ्यूज त्याच्यापुढे धरला.

"राहू द्या तुमच्याकडेच," तो म्हणाला आणि भराभर वर चढला. दोन्ही वायरी त्याने उघड्या हातांनी घट्ट धरल्या. "हे बघा! काही नाही."

त्याची पाठ दाजींकडे होती. दाजींच्या समोर फ्यूजची रिकामी खाच. एकदाच, त्यांच्या मनात आलं. क्षणभरच. कळू दे की याला, कसं वाटतं ते.

आणि त्यांचा डावा हात उचललेला होता. फ्यूज खाचेपासून जेमतेम बोटभर लांब.

दाजींनी हात झटकन मागे घेतला. सहा महिने ते मेहुण्याला भीत होते. आता त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटली, आणि ही भीती कितीतरी मोठी होती.

"उतर!" ते ओरडले. "आधी खाली उतर म्हणतो ना!"

मेहुणा धडपडत उतरला. "काय झालं?"

"हा घे. तुझ्या खिशात ठेव. माझ्याकडे ठेवू नकोस."

"काहीतरीच!" मेहुण्याला हसू फुटलं, डोळे मात्र भरून आले. "दाजी, तुम्ही मला माफ केलंत. तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू?"

दाजींनी फ्यूज त्याच्या खिशात कोंबला. त्यांना त्याच्याकडे बघवेना.