पाच पौंड हवा

नवरा ऑरिन गेल्यापासून व्हर्लाचा पिकअप ट्रक मागून उंच दिसायचा. मागच्या आसावर रबराचे दोन जाड फुगे बसवलेले होते. घोड्यांचा ट्रेलर जोडला की ऑरिन त्यांत हवा भरी, म्हणजे ओझ्याने ट्रकची पाठ बसत नसे. ट्रेलर सोडला की हवा काढी. शेवटच्या खेपेहून तो छातीला हात लावूनच परतला. ट्रेलर शेजाऱ्यांनी सोडला. हवा तशीच राहिली. पुढे घोडे विकले, ट्रेलरही गेला.

रिकामा ट्रक नेब्रास्काच्या खडीच्या रस्त्यावर उधळायचा. अंडी फुटत, कंबर धरे. तरी व्हर्लाने ती हवा काढली नाही. ऑरिनने स्वतः भरलेली होती ना! अंगणात अधूनमधून गाडीतला छोटा पंप आपोआप घुरघुरायचा. स्वयंपाकघरात एकटी जेवताना तिला त्या आवाजाची सोबत वाटे.

एका सकाळी शेजारचा हार्लन कुंपणाच्या तारा परत करायला आला.

"व्हर्ला, तुझा ट्रक शेपूट वर केलेल्या गायीसारखा उभा आहे बघ!"

"राहू दे. तुझ्यासारखा पोक काढून तरी उभा नाही."

तेवढ्यात पंप घुरघुरला. हार्लनने कान दिला. मग साबणाचं पाणी मागून घेतलं आणि गाडीखाली शिरला. फुग्याच्या नळीच्या सांध्यावर बुडबुडे आले.

"गळतंय इथे. म्हणून पंप सारखा चालतो."

"म्हणजे ऑरिनने भरलेली हवा..."

"अगं, ती कधीच गेली. ही गळते, पंप नवी भरतो. वर्षभर तू पंपाच्या हवेवर उड्या मारतेयस."

व्हर्ला हसली. मग हसू अर्ध्यातच थांबलं.

हार्लनने सांधा आवळला आणि तो निघून गेला. ती गाडीत बसली आणि तिने हवा सोडायचं बटण दाबून धरलं. फुस्स करत ट्रक हळूहळू खाली बसला. हवेच्या दाबाचा काटा उतरत गेला. सगळी जाऊ दे, तिच्या मनात आलं. पण ऑरिन नातवंडांना सांगायचा ते आठवलं: "पोरांनो, फुगा पार रिकामा करायचा नाही. घड्या एकमेकींवर घासून रबर फाटतं. ओझं नसलं तरी पाच पौंड हवा ठेवायचीच."

पाचावर तिने बोट उचललं.

त्या दिवशी जेवताना अंगणात काहीच घुरघुरलं नाही. ती कान देऊन बसली होती. मग उठून तिने ताट धुतलं.