मी मिस्त्रींचा कान होतो

मित्रांनो, मी हातभर लांबीचा, थोडा वाकलेला एक जुना पेचकस आहे. माझ्या लाकडी मुठीवर दातांचे चार व्रण आहेत. उंदराचे असतील म्हणून हसू नका, माणसाचे आहेत. ते कसे उमटले हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी कांब कारखान्यातली, पण मूठ जाम गावच्या सुताराने बाभळीची बसवली. जामच्या चौफुलीवर, चहाच्या हॉटेलाला लागून, बाबाराव मिस्त्रींचं टिनाचं गॅरेज होतं. बहात्तर साली मी त्यांच्या हाती आलो. स्क्रू पिळायला त्यांच्याकडे दुसरे पेचकस होते. माझं काम ऐकायचं! चालू इंजिनावर माझं टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली, की आतला आवाज माझ्यातून थेट मिस्त्रींच्या कानात जायचा. कुठलं बेअरिंग घासतं, कुठे काय ठोकतं, सगळं मी सांगायचो. डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीसारखाच माझा रुबाब होता. माणसं म्हणायची, "बाबारावजीनं आयकलं म्हणजे झालं." हे ऐकून मी फुगून जायचो. आता तेच वाक्य आठवलं की माझी कांब गार पडते.

ब्याऐंशी सालापासून मिस्त्रींना कमी ऐकू येऊ लागलं. आयुष्यभर इंजिनाशी कान लावलेला माणूस, दुसरं काय होणार? हे सगळ्यांत आधी मला कळलं. मी जीव तोडून सांगायचो आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. घरी बायकोला, अनुसयाबाईंनाही त्यांनी पत्ता लागू दिला नाही.

पण त्यांना एक युक्ती सापडली होती. माझी मूठ दातांत घट्ट धरली की थरथर जबड्यातून डोक्यात जायची आणि त्यांना सगळं कळायचं. मात्र हे कोणी नसतानाच. तेही मुठीवर फडकं गुंडाळून, दातांची खूण राहू नये म्हणून. गिऱ्हाईक समोर असलं की मी पुन्हा कानाला. नुसतं नाटक! गिऱ्हाईक चहाला गेलं की मग खिशातलं फडकं काढून खरं ऐकायचं.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत वडनेरच्या किसनरावांचा लाल ट्रॅक्टर आला. तो चालवणारा श्रावण आमचा बारा वर्षांपासूनचा ओळखीचा. खाली उतरून तो हात चोळत म्हणाला, "मिस्त्रीजी, रेस वाढवली का स्टेअरिंग लय थरथरून राह्यलं. हाताले मुंग्या येतात."

त्या दिवशी हॉटेलच्या बाकांवर पाच-सहा माणसं बसली होती. ती आमच्याकडेच बघत होती. श्रावणही जागचा हलला नाही. मिस्त्रींनी मला डायनमोवर टेकवलं, मग इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपावर. याच पंपाच्या दांड्यावर पंखा फिरतो. तिथे टेकताच माझ्यातून खर्र, खर्र, खर्र असा आवाज धावला. बेअरिंग पार गेलं होतं, पंखा डुलत होता. मी कानात ओरडत राहिलो. मिस्त्रींनी डोळे मिटून मान हलवली. मला वाटलं, आता फडकं काढतील, आता दातांत धरतील. त्यांनी हॉटेलकडे पाहिलं आणि मला खाली ठेवलं.

"बोल्ट ढिले झाले इंजिनाचे," ते म्हणाले. चार बोल्ट आवळले. थरथर थोडी कमी झाली.

"बारीक राह्यली जी अजून," श्रावण म्हणाला.

"काई होत नाई. मी आयकलं ना!"

नवव्या दिवशी वडनेरहून बातमी आली. गव्हाची मळणी चालू असताना थरथर वाढली, म्हणून श्रावणने चालू ट्रॅक्टरचं झाकण उघडून आत हात घातला होता. जवळच्या माणसाने हटकलं, तर म्हणाला, "बाबारावजीनं आयकलं हाय, काई होत नाई." तेवढ्यात पंपाचा दांडा तुटला आणि पंखा सुटला. श्रावणच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्यानंतर मिस्त्री मला हात लावेनात. मी भिंतीवर टांगलेला. रस्त्यावरून ट्रक गेला की टिनं हलायची आणि माझ्यात पुन्हा खर्र, खर्र सुरू व्हायचं. ट्रक दूर निघून जायचा, तरी ते थांबायचं नाही. एका दुपारी गॅरेजमध्ये डबा खाताना मिस्त्री वरणाच्या वाटीकडे टक लावून बसले. डबा घेऊन आलेल्या अनुसयाबाईंना म्हणाले, "हे हालून राह्यलं का?" वरण हललेलं नव्हतं.

महिन्याभराने श्रावणची बायको कांता आली. ट्रॅक्टरला नवा पंप, नवा पंखा दुसऱ्या कोणी बसवला होता, तरी तो थरथरतच होता. कोणी त्यावर बसायला तयार नव्हतं. "लोकं म्हणतात, ह्याईचे बोटं त्याच्यात हालून राह्यले," कांता म्हणाली. "आता हेबी तसंच म्हणतात. दिवसभर त्या ट्रॅक्टरपाशी जाऊन बसतात, जेवाले उठत नाईत. मिस्त्रीजी, माह्या माणसाले येड लागन. तुमी येऊन आयका."

मिस्त्रींनी मला भिंतीवरून काढलं. फडकं खिशात कोंबलं आणि कांताबरोबर निघाले.

वडनेरला किसनरावांच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. श्रावण ट्रॅक्टरच्या चाकाशी बसलेला. इंजिन सुरू झालं. मिस्त्रींचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला आणि तसाच परत आला. सगळ्यांसमोर त्यांनी माझी उघडी मूठ दातांत धरली.

"अरे बापा, मिस्त्री पेचकस खाऊन राह्यले!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मिस्त्रींनी दात आणखी रोवले. तेल पिऊन मऊ झालेलं माझं लाकूड करकरलं, पण मी हू की चू केलं नाही. एकेक जागा करत आम्ही पंख्याचा पट्टा फिरवणाऱ्या खालच्या पुलीपाशी पोचलो.

"पंखा सुटला तवा ही पुली वाकली," मिस्त्री म्हणाले. "नवा पंखा लावला, हे कोणी पाह्यलंच नाई. श्रावण, तुह्या बोटाचं काई नाई याच्यात."

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटहून नवी पुली आणून बसवली. इंजिन सुरू करून मिस्त्रींनी बॉनेटवर पाण्याचा लोटा ठेवला. लोट्यातलं पाणी नुसतं शहारत होतं, एक थेंब बाहेर आला नाही. श्रावणने डावा तळवा बॉनेटवर टेकवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. मग त्याने इंजिन बंद केलं आणि मला उचललं. व्रणांवरून अंगठा फिरवला.

"तुमी तं कानाले लावता ना जी?"

"इंजिनाचं कानानं आयकू येत नाई मले. दोन वर्षं झाले."

"त्या दिवशी जामले?"

"नाई आलं."

"मंग असा दातात काऊन नाई धरला?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "हॉटेलात लोकं बसले होते, श्रावण. लाज वाटली."

जमलेल्यांपैकी आता कोणी हसलं नाही. श्रावण आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मले सांगतलं असतं, तं मी त्याईच्या अन् तुमच्या मधात उभा राह्यलो असतो जी. कोनाले दिसलं नसतं."

मित्रांनो, मिस्त्री आता नाहीत. मी एका पेटीत पडून आहे. मला तेल लावू नका, गंज काढू नका, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्हाला एखादी गोष्ट ऐकू आली नाही, तर नाही आली म्हणा. आणि तसं म्हणणाऱ्याला हसू नका, त्याच्यासाठी मधात उभे राहा. माझ्या मुठीवरचे हे चार व्रण त्या दिवशी जामलाच उमटायला हवे होते.