चार हात, एकच पाटी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. देवळाली प्रवराजवळच्या एका पाणीवापर संस्थेत माझं टेबल आहे. आधी मी एका कचेरीच्या अडगळीत पडून होतो, भंगारातच जायचो. सावेडीच्या प्रोग्रामर पंकजाताईंनी मला उचललं, मेमरी वाढवली आणि पायथॉनमध्ये लिहिलेलं पाणीमागणीचं ॲप माझ्यात बसवलं. शेतकरी मोबाईलवरून मागणी भरायचे, मी ती नोंदवायचो. एका वेळी चार मागण्या घेता याव्यात म्हणून ताईंनी मला चार हातही दिले. त्या त्यांना थ्रेड म्हणायच्या. मग काय, माझी मान ताठ झाली.

ताईंनी घरी एकटीनेच फॉर्म भरून पाहिला होता. एकही चूक निघाली नाही. पण आमच्याकडे मागणी कुणी एकटं भरत नाही. एका चारीवरचे, म्हणजे कालव्याच्या एकाच फाट्यावरचे शेजारी एकत्र बसून भरतात, म्हणजे पाण्याच्या पाळ्या लागोपाठ येतात.

कालव्याला ठरावीक दिवस पाणी सुटतं, त्या आवर्तनाच्या मागणीचा शेवटचा दिवस होता. रंगुबाई आणि त्यांचे शेजारी कानिफनाथ यांनी एकदमच बटण दाबलं. यादीत कानिफनाथांचं नाव दोनदा आलं, रंगुबाईंचं आलंच नाही. यादी पाचला बंद होणार होती आणि रंगुबाईंचा कांदा पाण्यावाचून माना टाकत होता.

"मावशे, तुमीच चुकीचं दाबलं आसंल," सचिव छगनराव म्हणाले. "मशिन चुकत न्हाई."

हे ऐकून मी सुखावलो. त्याची मला आजही लाज वाटते.

रंगुबाई हटल्या नाहीत. "मी बराबर दाबलं. कानिफनं बी तवाच दाबलं. ताईला इचारा."

फोन लागला. ताईंनी आपल्या घरूनच माझे तीन हात बंद केले. नोंदी बरोबर येऊ लागल्या, पण रांग तुंबली.

"एका हाताने बरोबर आणि चार हातांनी चूक, म्हणजे माझंच चुकलंय," त्या म्हणाल्या.

अर्जदाराचं नाव लिहायला त्यांनी चारही हातांना एकच पाटी दिली होती. एकाने लिहिलेलं दुसरा पुसून टाकायचा. ताईंनी ती काढली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला त्याचं वेगळं सेशन, म्हणजे ज्याची त्याला पाटी दिली. चारही हात पुन्हा सुरू झाले.

मग छगनरावांनी अख्ख्या चारीला एकदम बटण दाबायला लावलं. नऊ माणसं, नऊ नावं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"व्हय, आलं," रंगुबाई म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या.

मित्रांनो, मी आजही जोमात काम करतो. माझी धूळ पुसा, मला उन्हापासून जपा. पण कुणी म्हणालं की माझं नाव आलं नाही, तर त्याला खोटं ठरवण्याआधी मला तपासा. मी चुकलो तर माझं काहीच जात नाही, कांदा त्याचा वाळतो.