मूळ देश : झैर

मी शिक्का बोलतोय. आजवर कागदावर आपटल्याशिवाय तोंड उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हा एकच ओळ बोललो. आज मात्र पोटभर बोलणार आहे.

मी रबरी, चार बोटं लांब, लाकडी मुठीचा. अंगावर इंग्रजीत कोरलंय, 'मूळ देश : झैर'. अक्षरं माझ्यावर उलटी आहेत, कागदावर पडली की सुलटी होतात. माणसं समोर सुलटी दिसतात आणि कागदावर उलटी होतात, हे मला नोकरीत कळलं.

१९९४ साली शारजाच्या औद्योगिक वस्तीत, दोन गॅरेजांच्या मधल्या टपरीत अलीमियाँनी मला घडवलं. मला न्यायला आले पोंक्षेसाहेब. सूर्यकांत पोंक्षे, मूळचे चिंचवडचे, एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रं बघायचे. सोबत बायको अनुराधा. किंमत ऐकून ती म्हणाली, "पंधरा दिरहम? म्हणजे सव्वाशे रुपये झाले की हो! एवढ्याशा रबराला?"

"अगं, ऑफिसचं काम आहे. शेठ देणारेत," साहेब हसून म्हणाले आणि मला रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

साहेबांच्या हातात मी फार सुखात होतो, खोटं कशाला सांगू? आफ्रिकेच्या मधोमध असलेल्या त्या मोठ्या देशातून कॉफी यायची, लाकूड यायचं, तांबं यायचं. माल कुठल्या देशाचा हे सांगणाऱ्या प्रत्येक दाखल्यावर साहेब पट्टी ठेवून मला सरळ रेषेत उमटवायचे. ठसा तसूभर वाकडा पडला तर कागद फाडून नवा घ्यायचे. इतका काटेकोर माणूस शोधून सापडायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझा देश मी कागदांतूनच पाहिला. तिथे सरकार होतं, मंत्री होते, खाती होती, माझे भाऊबंद शिक्के तर ढिगाने होते. नव्हता तो फक्त पगार. तिथल्या एका कारकुनाने दाखल्याबरोबर चिठ्ठी पाठवली होती, 'आठ महिने पगार नाही, जमलं तर दोन पेनं आणि एक साबण पाठवा.' जमिनीखाली तांबं, सोनं, हिरे, आणि वर साबणासाठी हात पसरणारा सरकारी नोकर! खाणारे खात होते, आणि ज्यांच्या पायाखाली ते सगळं होतं त्यांच्या ताटात काही पडत नव्हतं. मला तेव्हापासून राग येतो.

१९९७मध्ये तिथली गादी उलटली आणि देशाचं नावच बदललं. झैरचा काँगो झाला. साहेबांनी नवा शिक्का करून मागितला, तर शेठ म्हणाले, "रहने दो, सूर्यकांत. अब उस नाम से माल आएगा ही नहीं."

आणि खरंच आला नाही. तिथे लढाई पेटली. खाणी बंदूकवाल्यांच्या हातात गेल्या, आणि तोच माल शेजारच्या देशाच्या नावाने येऊ लागला. त्या देशाचा चकचकीत नवा शिक्का टेबलावर आला. मी खणात, टाचण्या आणि रबरबँडांच्या संगतीत.

गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं. साहेबांची मुलगी ईश्वरी शाळेतून तिथेच यायची. एकदा टेबलावरच्या दाखल्याशेजारी भूगोलाचा नकाशा उघडून तिने विचारलं, "बाबा, हाऊ कॅन इट कम फ्रॉम हिअर? दे डोन्ट हॅव धिस माइन!"

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, बेटा."

"व्हाय नॉट?"

साहेबांनी तिला ज्यूस आणायला पाठवलं. ऋषींचं कूळ विचारू नका, ते एक वेळ ठीक. पण चोरीच्या मालाचं मूळ विचारू नये, असं कोणत्या शहाण्याने सांगितलंय?

२००१च्या जानेवारीत, अशाच एका गुरुवारी काँगोहून मुकेंडी आला. उंच, वाळलेला, उन्हाळी शर्टावर कुणाचा तरी गरम कोट घातलेला. त्याच्या गावाच्या सहकारी संस्थेने सहा महिने खणून काळी वाळू साठवली होती, तीच जी मोबाइल फोनच्या भागांसाठी लागते. चाळीस पिंपं. बंदूकवाल्यांनी रात्रीतून ती उचलून नेली. गोदामाची किल्ली मुकेंडीकडे होती. गावाला वाटलं, यानेच माल विकला. माग काढत तो शारजाला पोचला. पिंपं आमच्याच गोदामात होती, झाकणांवर त्याच्या हातचे पांढरे आकडे होते आणि कागदांवर शेजारच्या देशाचा ठसा होता.

"मिस्टर पोंक्षे," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तपासणीवाले म्हणतात, एजंटने खरा देश लिहून दिला तर माल अडवतो. उद्या जहाज सुटेल. त्यांचं ऑफिस आज एकपर्यंतच उघडं आहे. कागद नाही मिळाला तर मी घरी जाऊ शकत नाही. माझी आईसुद्धा मला चोर म्हणते."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. शेठ बाहेर गेले होते.

"ब्रदर, आय अंडरस्टँड. लेकिन मेरा व्हिसा शेठ के हाथ में है. फॅमिली है, लडकी का स्कूल है."

 मुकेंडीने खिशातून ती किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला.

 मग साहेबांनी खण उघडला आणि मला बाहेर काढलं. चार वर्षांनी अंगाला शाई लागली! साहेबांनी नव्या दाखल्यावर पट्टी ठेवली, मला सरळ रेषेत दाबलं. 'मूळ देश : झैर.' मुकेंडीने वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. जन्मभर त्याने तेच नाव ऐकलं होतं, त्यालाही खटकलं नाही. साहेबांचा हात डोक्याला लावून तो कागद घेऊन तपासणीवाल्यांकडे धावत गेला. मला तर त्या दिवशी धन्य वाटलं, मूर्खासारखं.

साहेबांनी शाळेतून आलेल्या ईश्वरीला बाहेर गाडीत बसायला सांगितलं. शटर अर्धं होतं ते आतून पूर्ण खाली ओढलं. दिवा बंद केला, एसी बंद केला आणि अंधारात बसून राहिले. साडेबारा वाजले असतील. शटरवर थापा पडल्या.

"मिस्टर पोंक्षे! दे से नो सच कंट्री! झैर, खलास, फिनिश! प्लीज, राइट विथ पेन! ओन्ली पेन!"

साहेबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. पेनाला लागला. तिथेच थांबला.

थापा एक वाजेपर्यंत पडत होत्या. मग थांबल्या. पिंपं शुक्रवारी जहाजावर चढली, चोरांचे कागद अगदी चोख होते.

तुम्ही म्हणाल, गडबडीत चूक झाली असेल. तेच पोंक्षे स्वतःला सांगतात. हो, पोंक्षेच. साहेब म्हणणं मी त्या दिवशी सोडलं. ठसा तसूभर वाकडा पडला तर कागद बदलणारा माणूस देशाचं नाव चुकेल? त्यांना नकार द्यायची लाज वाटली आणि होकार द्यायची भीती. म्हणून त्यांनी मला पुढे केलं. मेलेल्या नावाने खरं बोलले, म्हणजे खरं बोलल्याचं पुण्यही पदरात आणि नोकरीही शाबूत. खोटं बोलणाऱ्या त्या नव्या शिक्क्याचा मला इतका राग नाही, जितका माझ्या या वापराचा आहे.

आता २००४ चालू आहे. पोंक्षे अबू धाबीला बदलून चाललेत, अजमानच्या घरात खोकी भरली जातायत. मुकेंडीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. त्याची किल्ली माझ्या शेजारीच आहे, एका बिस्किटाच्या डब्यात. ती त्या दिवशी टेबलावरच राहिली. पोंक्ष्यांना ना तिला टाकवत, ना मला.

मघाशी ईश्वरीने डबा उघडला. माझं रबर तडकलंय, शाई वाळलीय, तरी उलटी अक्षरं तिने लावून वाचली.

"बाबा, व्हॉट इज झैर? अँड हूज की इज धिस?"

पोंक्षे खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

विचार, पोरी. मी आता उमटत नाही, तूच विचार. ज्यूस आणायला पाठवलं तर जाऊ नकोस. नदीचं मूळ विचार, पिंपांचं विचार, किल्लीचं विचार. आणि ते म्हणाले ना, 'माझ्या हातात काहीच नव्हतं', तर त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघ. पेन अजून तिथेच आहे.