हिरवा पदर

आम्ही सहा जणी भिंतीला पाठ लावून उभ्या. हात मागे, तोंडावर मास्क. "बघायचं, बोलायचं नाही," सुमन सिस्टरांनी दारातच बजावलेलं. साल सत्याऐंशी, नर्सिंगचं आमचं पहिलं वर्ष, धुळ्याच्या दवाखान्यात कुटुंब नियोजनाचं शिबिर. व्हरांड्यात बाया रांगेनं बसलेल्या, आणि डॉक्टरांना दोनच्या आत सगळं उरकायचं होतं.

चौथी आली झुंबरबाई. माझ्याच गावची, सोनगीरची. हळदीची गाणी म्हणायला लागली की तिचा आवाज गडाला धडकून माघारी यायचा.

तिच्या पोटाला भुलीची सुई टोचली. भूल चढायला वेळ लागतो, हे आम्ही आदल्याच दिवशी वर्गात घोकलेलं. डॉक्टरांनी वेळ दिलाच नाही. सुई ठेवली, सुरी उचलली.

झुंबरबाई ओरडली नाही. तिची बोटं नुसती चाचपडत राहिली. गळ्याजवळ हिरव्या चादरीचा काठ सापडला, तो तिनं डोक्यावर ओढला आणि कोपरा दातात धरला.

"चादर सोड, बाई!" सिस्टर खेकसल्या.

"दुखतंय का गं?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"दुखी ऱ्हायनं, दादा." दुखतंय म्हणाली ती, पण इतकं हळू, जसं उंबऱ्याआडून बोलावं.

"काही नाही सर, घाबरलीय," सिस्टर म्हणाल्या.

"दुखलं असतं तर ओरडली असती. या बाया घर डोक्यावर घेतात."

घर डोक्यावर! हो, घेतात. पाण्याच्या हंड्यासारखं घेतात, मान न हलवता, तोंडातून ब्र न काढता. आमच्याकडे बाई बाळंत होतानाही पदर चावते, कारण ओसरीवर सासरा बसलेला असतो. एवढं शिकलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं?

मी भिंत सोडली. "सर, भूल चढलेली नाही. तिला सगळं जाणवतंय."

"ही कोण?"

"शिकाऊ आहे, सर. प्रमिला, मागं हो!"

मी झुंबरबाईचा हात धरला. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. तिनं मला ओळखलं. "पमी, नको वं. आबा भाईर बठेल शेत." आबा म्हणजे तिचे सासरे.

मग मीच ओरडले. "ओ माय वंऽऽऽ!" तिच्या वाटचं सगळं ओरडले. सुरी जागच्या जागी थांबली.

डॉक्टरांनी दुसरी सुई भरायला लावली आणि या वेळी घड्याळाकडे बघत उभे राहिले. सिस्टरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. "उद्या माफीचं पत्र आण. नाहीतर पेटी भर आणि गावाला जा."

बाहेर झुंबरबाईचे सासरे टोपी हातात घेऊन उभे. "कोन वरडनं वं पोरी?"

"मी वरडनू, आबा. तुम्ही तथा लिंबखाले जाईसन बठा. बठ्ठा मानसेस्ले लई जा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि लिंबाखाली निघाले. बाकीचे पुरुष त्यांच्यामागं गेले.

मी बायांकडे वळले, आतल्या खोलीकडे बोट केलं. "मझार कोन्हाच सासरा नही. दुखनं ते वरडा."

"लगीनमा गातस तशा?" एक जण तोंडाला पदर लावून हसली.

"तेन्हापेक्षा जोरमा!"

पाचवी आत गेली. सुरी लागायच्या आधीच तिनं अशी आरोळी ठोकली, की लिंबावरचे कावळे उडाले.

सुमन सिस्टरांनी दार उघडून माझ्याकडे डोळे वटारले. मी हात मागे बांधले नाहीत.