डूख धरलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि मी डूख धरून बसलेला आहे. डूख फक्त साप धरतो असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते विसरा. पत्र्याचा डबाही धरतो, फक्त त्याला तशी माणसं भेटावी लागतात.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी अकोल्याच्या एमआयडीसीत, रामरावभाऊंच्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथे डाळमिलची यंत्रं बनत. माझ्यात ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर भरलं आणि माझ्यासमोर माया येऊन बसली. बार्शीटाकळीची मुलगी, अमरावतीच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेली. रोज एसटीने यायची आणि आल्या आल्या ओढणीच्या टोकाने माझा पडदा पुसायची.

आमचं काम असं होतं. माया आधी माझ्या पोटात सबंध यंत्र उभं करायची. चित्र नव्हे, भरीव यंत्र. हवं तसं फिरवा, खालून बघा, वरून बघा. त्याला मॉडेल म्हणतात. पण कारागिराला हातात कागद लागतो आणि कागद तर सपाट. म्हणून ती त्या मॉडेलवरून सपाट दृश्यं काढायची: एक समोरून, एक वरून, एक बाजूने. आतलं दाखवायचं असेल तर वांगं चिरावं तसं यंत्र मधोमध कापायची. रेषा मी ओढायचो, पण कुठून बघायचं आणि कुठे कापायचं हे डोकं तिचं. मॉडेलचा पाय वाढवला की कागदावरचे सगळे पाय आपोआप वाढायचे, कारण कागदाची नाळ मॉडेलशी जोडलेली असते. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात ड्रॉइंग करणाऱ्याचं नाव येतं. ‘माया देवमन तायडे’ एवढं लिहून झालं की ती क्षणभर त्याकडे बघत राहायची. बापाचं नाव गाळलेलं तिला चालायचं नाही.

मग रामरावभाऊंचा भाचा पियुष आला. त्याला काम येत नव्हतं आणि ते कबूल करणंही येत नव्हतं. मी जरा अडलो की “चाल नं बे डब्या” म्हणून माझ्या टाळूवर थाप मारायचा. माझ्या पत्र्याला तिथे पोचा पडला. तो मी सहन केला असता. पण ड्रॉइंगच्या खात्याला मुख्य नेमायची वेळ आली, तेव्हा त्याने एकेका कागदावरून मायाचं नाव पुसलं आणि स्वतःचं घातलं. ते पुसायला मलाच लावलं. मित्रांनो, त्या दिवसापासून मी त्याच्यावर दात धरला.

माया रामरावभाऊंकडे गेली. “भाऊ, हे ड्रॉइंगं माह्ये हायेत.”

“मामा, मी सांगो अन् थे बटनं दाबे,” पियुष म्हणाला. “टायपिस्ट हाय थे.”

रामरावभाऊंनी कागद उलटेपालटे केले. “कागदावर त याचंच नाव हाय, बाई.”

“मंग मी निंगतो,” माया म्हणाली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. “हा डबा भंगारात देऊन राहिले ना तुमी? मले द्या.”

“ने ना,” पियुष हसला. “आमाले नवा येऊन राहिला.”

मला सोपवण्याआधी तो माझ्यातल्या फाईलींच्या नकला काढून घ्यायला बसला. कागदांच्या फाईली पटकन निघाल्या. मॉडेलं जड, त्यांना वेळ लागू लागला. ती कशाला लागतात हे त्याला माहीत नव्हतं, कारण त्याने जन्मात एकही बनवलं नव्हतं. त्याने मधेच थांबवायला सांगितलं. मी रीतीप्रमाणे एकदा विचारलं, नक्की थांबवू का? त्याने न वाचता ‘ओके’ दाबलं. दुसऱ्यांदा मी कशाला विचारतो?

मायाच्या घरी मी केशरबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, शिलाई मशीनशेजारी बसलो आणि वाट बघत राहिलो. आम्हाला भूक लागत नाही. वाट बघणं आम्हाला जमतं.

एक दिवस दारात रामरावभाऊंची गाडी थांबली. मागून पियुष, मान खाली. अचलपूरच्या एका मिलने डाळ चाळायची मोठी चाळणी मागवली होती, पाय नेहमीपेक्षा फूटभर उंच असलेली. पियुषने कागद उघडला, पण मॉडेलच नाही तर दृश्य हलणार कसं? मग या पठ्ठ्याने फक्त आकडा खोडून नवा आकडा लिहिला. पत्रा कापणारं यंत्र आकडे वाचत नाही, रेषेवरून चालतं. जुन्याच उंचीची चाळणी ट्रकने अचलपुरात पोचली, तिच्या तोंडाखाली पोतं बसेना, आणि ती आल्या पावली परत आली.

“मॉडेलं तुह्याजवळ हायेत म्हणते,” रामरावभाऊ म्हणाले.

केशरबाईंनी चहा टाकला. माझं म्हणाल तर मी पाणीसुद्धा विचारलं नसतं.

“हायेत ना, सगळे हायेत,” माया म्हणाली. “पण नाव पियुषभाऊचं हाय. त्याईनं एक दृश्य काढून दाखवावं, मंग देतो मी.”

पियुष माझ्यासमोर बसला. मी जुना होतोच, त्या दिवशी जरा जास्तच जुना झालो. सावकाश जागा झालो. त्याने इथे दाबलं, तिथे दाबलं. चाळणी पडद्यावर पाय वर करून उलटी झाली आणि तशीच राहिली.

“तुले हे येतच नाई काय रे?” रामरावभाऊंनी विचारलं.

सवयीने पियुषचा हात माझ्या टाळूवर उगारला गेला.

“हात खाली,” माया म्हणाली.

हात खाली आला. त्याच हाताने तिने त्याला एकेक कागद उघडायला लावला, त्याचं नाव खोडायला लावलं आणि तिचं लिहायला लावलं. मामा समोर बसून बघत होते. एका कागदावर त्याने नुसतं ‘माया तायडे’ लिहिलं.

“बापाचं नाव राह्यलं,” माया म्हणाली. त्याने ते घातलं.

मग तिने मॉडेलचा पाय फूटभर वाढवला. सगळ्या दृश्यांतले पाय एका झटक्यात वाढले. रामरावभाऊ मायाकडे वळले. “उद्यापासून ये. खातं तूच सांभाळ.”

“येत नाई, भाऊ. काम इथं पाठवत जा. नाव माह्यं राहीन.”

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी हात जोडतात, आम्हाला जपा म्हणतात. मी हात जोडणार नाही. ज्याचं काम त्याचं नाव राहू द्या आणि जुन्या यंत्रावर हात टाकू नका, एवढंच बजावून ठेवतो. परवा माया म्हणत होती, टाळूवरचा पोचा ठोकून सरळ करून घेऊ. तिने तो सरळ करू नये असं मला वाटतं. पियुष दर आठवड्याला कागद न्यायला येतो, तेव्हा हा पोचा त्याला दिसला पाहिजे.