प्रार्थनेतला पत्ता

हवालदारानं मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि उज्वलाआक्कांचीच प्रार्थना उज्वलाआक्कांना ऐकवायला सुरुवात केली.

“हे प्रेमळ स्वर्गीय पित्या,” मोबाइलमधल्या आक्का म्हणाल्या, “करंजाड्याच्या अष्टगंध सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, तुझं लेकरू इंद्रजित राहतं...”

खुर्चीवरच्या आक्कांनी पदर तोंडाला लावला. आपला आवाज इतका खणखणीत आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाहेरच्या बाकड्यावर इंद्रजित बसला होता, त्यांचा पाठचा भाऊ. मधलं दार उघडं होतं, म्हणजे त्यालाही सगळं ऐकू जात होतं.

आक्का चुगलखोर नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. करंजाड्यातल्या एका गाळ्यात दर रविवारी त्यांची ख्रिस्ती मंडळी उपासनेला जमायची. बहुतेक माणसं जालना-नगरकडून पोटामागं आलेली. त्यांच्यात आक्का म्हणजे सगळ्यांची थोरली बहीण. कुणाची बाळंतीण अडली, कुणाच्या पोराची नोकरी गेली की पहिला फोन आक्कांना. आक्का दोन डबे घेऊन जायच्या आणि मग प्रार्थनेला बसायच्या.

ही प्रार्थना मात्र ऐकण्यासारखी असायची. आक्कांनी उभं आयुष्य वाशीच्या एका शाळेत बालवर्ग सांभाळला होता. बालवर्गाला अर्धंमुर्धं सांगून चालत नाही. कोण, कुठं, कशासाठी, सगळं नावानिशी आणि दोनदा सांगावं लागतं. ती सवय देवापुढंही सुटली नाही. कुणाला ताप आला तर आक्का देवाला आजाऱ्याचं नाव सांगत, मग सोसायटी, मजला, डॉक्टर कुठला तेही. तरुण पोरं मागच्या रांगेत हसायची, आक्कांची प्रार्थना ऐकून कुरिअरवालासुद्धा बरोबर घरी पोचेल म्हणायची. आक्कांच्या कानावर ते आलं होतं. त्यांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

लॉकडाऊनपासून पहाटेची प्रार्थना साखळी व्हॉट्सॲपवर आली होती. ज्याची पाळी त्यानं आपली प्रार्थना मोबाइलमध्ये बोलून ग्रुपवर टाकायची, बाकीच्यांनी अंथरुणात ऐकून आमेन म्हणायचं. सोय झाली होती. प्रार्थना अडचणीतल्या माणसाची असेल तर लोक ती पुढंही पाठवायचे, की जितकी जास्त तोंडं मागतील तितकं बरं.

इंद्रजितची बायको विजयमाला पोटाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळली होती. केमो सुरू झाल्यापासून अन्न नुसतं समोर आणलं तरी तिला भडभडून यायचं. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, सुया देऊन पाहिल्या. एके काळी मंडळीच्या नाताळ जेवणाचं पातेलं एकटी उचलणारी बाई, आता पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायची. आक्का रोज दुपारी तिच्याकडं जायच्या, पेज भरवायच्या आणि ती उलटून पडली की घमेलं धुवायच्या.

अशाच एका दुपारी मंडळीचे पाळकसाहेब घरी आले असताना इंद्रजितनं चहा देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं. परदेशात गांजा औषध म्हणून देतात म्हणे. उद्या आपल्याकडं सरकारनं परवानगी दिली तर ते पाप राहील का?

पाळकसाहेब तरुण होते. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, कायदा एक आणि पाप एक. दारूला परवाना आहे म्हणून ती पिणं पुण्य होत नाही, आणि हॉस्पिटलात दुखण्यावर अफूपासून काढलेलं औषध देतात, ते टोचून घेणारा काही पापी होत नाही. पण कायदा नको म्हणतो तोवर राज्यकर्त्याचं ऐकावं असं पवित्र शास्त्र सांगतं. मग त्यांनी विजयमालेकडं पाहिलं आणि पुढचं वाक्य अर्धंच सोडलं.

“गांजा तो गांजा,” आक्का म्हणाल्या. “सरकारं बदलतात, शास्त्र बदलत नाही.”

“आक्का, मग त्या सुईचं काय?” विजयमाला पडल्या पडल्या म्हणाली. “तिच्यावर सरकारी शिक्का आहे म्हणून ती चांगली?”

तू बोलू नकोस, दमशील, असं म्हणून आक्कांनी तिची चादर नीट केली. उत्तर म्हणून त्यांच्याजवळ फक्त आप्पा होते. आप्पा म्हणजे त्यांचे वडील. जालन्यात घराच्या ओट्यावर गांजाची चिलीम ओढत बसायचे. आईचं शिवणयंत्र गेलं, भांडी गेली, आणि शेवटी एका थंडीत आप्पाही गेले. चिमुकल्या इंद्रजितला कडेवर मारून मिशनच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं ते आक्कांनीच. आप्पांच्या घोंगडीचा वास त्यांच्या नाकातून कधी गेला नाही.

म्हणून तर तो लगेच कळला. एका दुपारी आक्का आल्या तर विजयमाला उशीला टेकून बसलेली, हातात वाटी, वाटीत शिरा, आणि चक्क चाटूनपुसून खात होती. आक्कांचा आनंद पोटात मावेना. आणखी शिरा करावा म्हणून त्यांनी ओट्यावरची तुपाची बरणी उघडली आणि तशाच उभ्या राहिल्या. तुपाला घोंगडीचा वास येत होता.

इंद्रजितनं काही लपवलं नाही. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत त्याच्याबरोबर फिटर असलेल्या कृष्णातनं गांजा आणून दिला होता, त्यानं तो तुपात कढवला होता.

“आक्का, ती जेवली गं,” तो म्हणाला. “कालपण जेवली. रात्री झोपली. तू फक्त कुणाला बोलू नकोस.”

आक्कांनी शब्द दिला, कुणाला बोलणार नाही. आणि शब्द पाळलाही. शेजारणीला बोलल्या नाहीत, पाळकसाहेबांना बोलल्या नाहीत. दोन रात्री तळमळून काढल्या. तिसऱ्या पहाटे साखळीत त्यांची पाळी होती. त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि फक्त देवाला सांगितलं.

ती प्रार्थना मग मंडळीतून दुसऱ्या मंडळीत, तिथून कुणाच्या मेहुण्याकडं, मेहुण्याकडून त्याच्या मित्राकडं आणि फिरत फिरत पोलीस ठाण्यात गेली. लोकांनी कळवळून पाठवली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

“त्याच्या स्वयंपाकघरात तुपाच्या बरणीत सैतान शिरला आहे, बापा,” मोबाइल म्हणत होता. आवाज मधेच चिरकला, कारण त्या वेळी आक्का रडत होत्या. “आणि पावण्याच्या कंपनीतला कृष्णात, जो हा गांजा आणून देतो, त्याचंही मन तू बदल...”

हवालदारानं तो तिथं बंद केला. डोक्यावर केस विरळ झालेला, इथलाच, खाडीकडच्या गावचा माणूस होता. सकाळी इंद्रजितच्या घराची झडती झाली होती. बरणी सापडली, पण घासून पुसून ओट्यावर पालथी घातलेली. घरात काडी मिळाली नाही. उरला होता तो हा आवाज.

“बाई, नीट आयका आनि सांगा,” हवालदार म्हणाला. “यो आवाज तुमचा हाय?”

आक्कांना बालवर्गातला कोपरा आठवला. खोटं बोलणाऱ्या पोराला त्या तिथं भिंतीकडं तोंड करून उभं करायच्या. हो म्हटलं तर भाऊ आत जाणार, कृष्णात आत जाणार, आणि त्या घरात अंथरुणावर एकटी पडलेली बाई राहणार. सत्याला घाबरू नये असं त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलं होतं. त्यांना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “माझा नाही.”

तोच आवाज, तोच खणखणीतपणा. हवालदारानं मोबाइल खिशात टाकला.

“बरं. मंग ज्या बाईचा असंल तिला निरोप द्या,” तो म्हणाला. “देवाला पत्ता लागत नाय. आमाला लागतो.”

इंद्रजितला ताकीद देऊन सोडलं. रिक्षात तो एका कडेला बसला, आक्का दुसऱ्या. सोसायटीच्या दाराशी उतरल्यावर एवढंच म्हणाला, की झडतीची बेल वाजली तेव्हा तो खाली पाणी भरायच्या गडबडीत होता. दार उघडण्याआधी तूप विजयमालेनं ओतून टाकलं. भिंतीला धरून, सरपटत ओट्यापर्यंत गेली, गरम पाणी सोडलं आणि बरणी घासली. जिला पेला धरवत नव्हता तिनं.

त्यानंतर विजयमालेची उलटी पुन्हा सुरू झाली. आधी जेवढी होती त्याहून जास्त.

आक्कांनी चार दिवस पाहिलं. मग एका संध्याकाळी, शिफ्ट सुटायच्या वेळी, त्या पावण्याच्या कंपनीच्या गेटावर जाऊन उभ्या राहिल्या. पांढरी साडी, गळ्यात बारीक क्रूस. ट्रकवाले वळून बघत होते. कृष्णात साताऱ्याकडचा, बुटका, सावळा. त्यानं त्यांना बघितलं आणि पाऊल आखडलं. चौकशीला त्यालाही बोलावून झालं होतं, कंपनीत त्याला फिटरच्या कामावरून काढून स्टोअरला टाकलं होतं.

आक्कांनी इकडंतिकडं बघितलं. देवापुढं घडाघडा बोलणारी बाई, पण त्या माणसापुढं शब्द फुटेना.

“विजूला काही जात नाही,” त्या कशाबशा म्हणाल्या. “थोडंसं... तुम्ही जे आणून देत होतात...”

कृष्णातला राग आला नाही. तो आला असता तर आक्कांना बरं वाटलं असतं.

“ताई, तुमी देवाकडं मागितलं हुतं न्हवं, कृष्णातचं मन बदल म्हनून?” तो म्हणाला. “बदललं बगा. आता म्या कुनाला काय आनून देत न्हाय. माजीबी पोरं हायती.” थोडं पुढं जाऊन तो परत आला. “वहिनीला म्हनावं, कृष्णातनं इचारलंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांनी साध्या तुपात शिरा केला. वेलची घातली, बेदाणे घातले, घरभर चांगला वास सुटला. पालथी बरणी ओट्यावर तशीच होती. तिला कुणी हात लावला नव्हता. विजयमालेनं आक्कांच्या समाधानासाठी एक घास तोंडात घेतला. बराच वेळ तो तोंडात धरून ठेवला. मग आक्कांनी घमेलं पुढं केलं.

तोंड पुसून झाल्यावर आक्का पलंगाच्या कडेला बसल्या. सांगायचं ठरवूनच त्या आल्या होत्या. “विजू, ती प्रार्थना...” एवढंच म्हणाल्या.

“मला आली होती,” विजयमाला म्हणाली. “माझ्या मोबाइलवर. पोलीस यायच्या आदल्या दिवशी. ‘या बहिणीसाठी कळकळीनं प्रार्थना करा’ असं वर लिहून.” ती दम खायला थांबली. “तुम्ही रडत होतात त्यात.”

आक्कांनी तिचा हात धरला. हाताची नुसती काडी झाली होती.

“आक्का, आज प्रार्थना नाही केलीत,” विजयमाला डोळे मिटून म्हणाली. “करा ना.”

आक्का उठल्या. मोबाइल पर्समधून काढला, बंद केला आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर ठेवून आल्या. खिडकी लावली. दार लावलं. पलंगाशी गुडघे टेकले आणि कपाळ विजयमालेच्या हातावर ठेवलं. ओठ हलले, पण नाव नाही, गाव नाही, मजला नाही. काहीच बाहेर पडलं नाही. खाली कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

विजयमालेनं बराच वेळ वाट पाहिली. मग आक्कांच्या वतीनं तीच म्हणाली, “आमेन.”